मनोजच्या रँकचे पेढे

आमच्या देवळीत ब्लॉग लिहिणारे आम्ही तिघंच. मनोज, शुभांगी आणि मी. पण बस स्टँडजवळच्या टपरीवर बसलो, की किस्से एवढे निघतात की चहा थंड होतो आणि टपरीवाला वैतागतो!

बहुतेक किस्से मनोजचेच. त्याच्या बाबांचं बी-बियाण्याचं दुकान. मनोजला कमवायचं होतं ब्लॉगवर, आणि बाबांनी पावसाळा लागेपर्यंतची मुदत दिलेली, "मिरगापर्यंत पैसा दाखव. नाईतर गुपचूप गल्ल्यावर बस!" गल्ला म्हणजे मनोजला जेलच वाटायचा.

*

एकदा तो पेढेच घेऊन आला. ब्लॉगांना नंबर देणाऱ्या एका साइटवर त्याच्या ब्लॉगची रँक एकदम वर गेली होती! दुकानात जाऊन बाबांनाही एक दिला.

"पैसे आले?"

"पैसे नाई बाबा, रँक आली."

"मंग पेढे कायले वाटून राह्यला? रँकच वाटाची ना!"

*

रँक चढली कशी? मनोजसाहेबांनी सिनेमावाल्यांच्या एका लग्नावर लिहिलं होतं. लोक यायचे, फोटो बघायचे, पळायचे. जाहिरातीवर कोणी बोट ठेवेल तर शपथ!

"बाबा, रशियातून लोकं येऊन राह्यले!"

बाबा पोत्याचं तोंड शिवत म्हणाले, "त्याइले तूर पाह्यजे का, इचार."

ती माणसं नव्हतीच. कुठली तरी मशिनं आकडा फुगवत होती, हे शुभांगीनं शोधून काढलं. मनोज मग टपरीवर फिरकेचना. मला खरंच वाईट वाटलं.

*

शुभांगीचं उलटं. ती ब्लाउजच्या कटिंगवर लिहिते. तिची रँक बघायला गेलो, तर त्या रँकवाल्या साइटनं हातच वर केले. माहिती उपलब्ध नाही! पण वर्धा-हिंगणघाटच्या बाया वाचतात आणि कापड तिच्याकडेच आणून टाकतात.

मनोज आधी तिला चिडवायचा, "तुले कोण ओळखते व?"

"जिले ब्लाउज पाह्यजे, ते ओळखते. थांब, तिचाच फोन आहे!"

*

मिरग तोंडावर आला. मनोजनं वैतागून सिनेमावालं सगळं उडवलं आणि एकच लेख टाकला. पेरणीआधी सोयाबीन ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण कशी तपासायची. बाबा दर वर्षी करतात तशी, फोटोही बाबांच्याच हातांचे. रँक जी घसरली म्हणता, तळालाच गेली! मनोज मोबाईल उलटा ठेवून बसायचा. "गेलं बे सगळं. आता गल्ला."

तेवढ्यात सिंदी रेल्वे गावाहून एक शेतकरी दुकानात आला. आधी फोन बघितला, मग बाबांचे हात. "हेच होय ना भाऊ ते हात? मंग द्या बियाणं!" मागोमाग आणखी आले. वर्ध्याच्या एका ठिबकवाल्यानं तर त्या लेखाखाली जाहिरात लावली, पैसे आगाऊ देऊन!

मिरगाच्या दिवशी मनोजचे बाबा टपरीवर हजर. हातात बॉक्स.

"काका, इकडं कुठं? गल्ल्यावर मनोज बसला का?"

"तो कायले बसते? लिहून राह्यला."

"मग पेढे कशाचे?"

"पोट्ट्याची रँक पडली ना बे! घे, दोन घे."