आप्पांची नारळाची वाटी

माहूरला बदली झाली तेव्हा मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, उदगीरहून सोबत घेऊन आले. आई गेल्यावर त्यांनी दुकान आवरलं होतं. इथे त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी शाळेत गेले की दिवसभर ते आणि अंगणातला पेरू. मग त्यांनी पेरूला ज्वारीची कणसं टांगली, चिमण्या यायला लागल्या आणि आप्पा पुन्हा पोटभर जेवायला लागले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं सगळं मला इतकं जड गेलं.

कणसांवर थांबले असते तर बरं. पण शेजारच्या मावशींचं गडाच्या वाटेवर नारळ-कुंकवाचं दुकान. त्यांनी दिलेली फुटक्या नारळाची वाटी आप्पा दोरीने फांदीला बांधायचे, आत गुळाचा खडा. बुलबुल येतात म्हणे. एका सकाळी पाहते तर वाटी गायब, फांदी मोडलेली आणि खोडावर नखांचे खोल ओरखडे.

मावशींनी कपाळाला हात लावला. "आप्पा, दाणे राहू द्या. गूळ-खोबरं नका ठेवू. अस्वलाला लई दुरून वास येतो."

"रातच्याला घरात घेत जाईन," आप्पा म्हणाले. "पाखरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मी चिडले. वर्गातली सगळी पोरं माझं ऐकतात, घरातला एक माणूस ऐकत नाही. पण त्यांनी आणलेली नवी वाटी हिसकावून घ्यायची हिंमत झाली नाही. मी दुसरा उपाय काढला. कुंपण तुटलं होतं तिथे तार ओढली, तेलाचे रिकामे डबे बांधले, आत खडे टाकले. खडे आप्पांनीच वेचून दिले. दुपारी तार हलवून पाहिली तर असा खडखडाट झाला की मावशी धावत आल्या. आप्पा पोट धरून हसले. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. तरी रोज पहाटे ते वाटी घेऊन अंगणात गेले की माझा जीव टांगणीला लागायचा. चहाचं आधण आटून जायचं आणि मी आपली कान देऊन उभी.

आठवडाभराने, नुकतंच फटफटलं होतं, आणि डबे वाजले.

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. वाजले! आता आप्पा आत येतील. आप्पा आले नाहीत. माझं लक्ष देवघराकडे गेलं. तिथे विभूतीच्या शेजारी त्यांचं कानाचं मशीन होतं, नांदेडहून आणलेलं. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते मशीन कानात घालत नाहीत, हे मला कधीपासून माहीत. पण दिवसभर त्यांच्याशी बोलता बोलता मी विसरून गेले होते. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी सोय मी केली होती, त्यांना एकट्याला सोडून.

दारात आले. आप्पा पाठमोरे, पेरूच्या पानांत डोकं घालून दोरीच्या गाठीशी खटपट करत. त्यांच्या पलीकडे, कुंपणात, तारेत पाय अडकलेलं अस्वल डबे ओढत होतं. "आप्पा!" मी ओरडले आणि लगेच तोंडावर हात दाबला, कारण मान वळली ती अस्वलाची. माझ्या हातात सांडशी होती. ती मी जन्मदात्या बापाच्या पायाशी भिरकावली.

आप्पा दचकून वळले. सांडशी पाहिली, मला पाहिलं. मी दोन्ही हातांनी 'या, या' करत होते.

"काय झालं? दूध उतू गेलं का?" ते केवढ्यातरी मोठ्या आवाजात म्हणाले. वाकून सांडशी उचलली, निसटलेली चप्पल पायात घातली आणि वाटी सांभाळत सावकाश माझ्याकडे आले. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. ते उंबऱ्यात येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

दंड धरून त्यांना आत ओढलं, कडी लावली आणि रडायलाच लागले. आप्पा गोंधळले. माझे ओठ हलत होते, त्यांना काही कळेना. शेवटी त्यांनी वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि आंघोळीआधी, पूजेआधी, मशीन कानात घातलं.

क्षणभर ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"आपले डबे वाजून राहिलेत," ते हळूच म्हणाले आणि दारासमोर आडवे उभे राहिले. "तू बाहेर जाऊ नको, पोरी."