पुसलेल्या अक्षता

काकांनी सहा डबे माझ्या हवाली केले, तेव्हा एकच अट घातली होती : लवकर कर. ते माझे सख्खे काका नव्हेत. तरुणपणी संशोधनासाठी युट्रेख्टला आले आणि तिथेच निवृत्त झाले. इथली मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणतात. डब्यांत एका जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाची प्रत होती. कोल्हापूरकडच्या एका फिरत्या टॉकीजवाल्याकडून, ती भंगारात जायच्या आधी, त्यांनी विकत घेतलेली. शेवटच्या रिळात लग्नाचा प्रसंग आहे. गर्दीसाठी पेठेतल्या बायकामुली बोलावल्या होत्या आणि त्यांत काकांची थोरली बहीण होती. पुढे दोन वर्षांत ती बाळंतपणात गेली. तिचा घरात एकही फोटो नव्हता. उरली होती ती त्या रिळातली पाच-सहा सेकंदं.

घाई डोळ्यांमुळे होती. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांनी, त्यांना डोळ्यांच्या रुग्णालयात पाठवलं होतं. नजरेचा मधला भाग जातोय, कडा तेवढ्या राहतील, असं तिथे सांगितलं होतं.

मी आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. चकतीवर पडलेला धुळीचा कण शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे काकांना माझ्यावर जरा जास्तच भरवसा होता. जवळच न्यूनेनला आमच्या घरामागे सायकलींची शेड आहे, तिच्यात मी जुन्या प्रोजेक्टरला कॅमेरा जोडला आणि चौकट अन् चौकट टिपून घेतली. रिळांना आंबूस वास सुटला होता. बायको म्हणाली, शेडमध्ये लोणचं नासल्यासारखं वाटतंय.

मग मी धूळ काढायला लावली. सॉफ्टवेअरचं तर्कशास्त्र साधं असतं : जो पांढरा ठिपका एकाच चौकटीत दिसतो, मागच्या-पुढच्या चौकटीत नसतो, तो कचरा. तो पुसून शेजारच्या चौकटीतला तुकडा तिथे बसवायचा. पहिलं रीळ मी डोळ्यांत तेल घालून तपासलं. निकाल इतका सुंदर होता, की बाकीची पाच त्याच मापावर सोडून दिली. कारखान्यात मी असं कधीच केलं नसतं. डिस्क भरली होती म्हणून टिपलेल्या मूळ चौकटी पुसल्या. आणि वासाला कंटाळून रिळं गाडीत घालून नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर नेली. काकांना विचारलं नाही. तिथल्या माणसाने, हे कशात टाकायचं, असं मलाच विचारलं. मी म्हणालो, उरलेल्या कचऱ्यात.

रविवारी काका बघायला येणार होते. गुरुवारी मी शेवटचं रीळ पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. मंगलाष्टकं संपतात, पंचवीस-तीस हात वर जातात, मुठी उघडतात, आणि काहीच पडत नाही. उडणारी अक्षता प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असते. माझ्या यंत्राच्या लेखी ती धूळ होती.

फोन करून सांगायला हवं होतं. नंबर काढला आणि ठेवून दिला. शुक्रवारी रजा टाकली आणि अक्षता रंगवायला बसलो, एकेक दाणा, एकेका चौकटीत. त्या कशा पडतात हे आठवेना, म्हणून आमच्या लग्नाची चित्रफीत काढून तोच भाग पुन्हापुन्हा पाहत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा लग्न बघतोयस. काय केलंयस?"

तिला सांगितलं. ती हसायची थांबली. काकांना आधीच सांग, एवढंच म्हणाली. मी शनिवारी संध्याकाळपर्यंत रंगवत राहिलो.

रविवारी दुपारी काकांना स्टेशनवरून आणलं. गाडीत ते माझी थट्टा करत होते, की सरकारी खर्चाने धूळ झाडायला शिकलास, ते एकदाचं कामी आलं. घरी त्यांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली आणि मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागले. दीड तास मी सिनेमा पाहिलाच नाही, त्यांचा कान पाहत होतो. लग्न आलं. हात वर गेले. माझ्या अक्षता पडल्या. खऱ्या वाटाव्यात अशाच पडल्या.

"मागे घे," काका म्हणाले.

मागे घेतलं. तीनदा.

"चौकड्यांच्या लुगड्यातली. तिच्या हातातून काय पडतंय?"

"अक्षता, काका."

"तिच्या हातातून पडत नव्हत्या. ती नुसता हात उडवायची. तांदूळ कमरेला खोचून घरी आणले होते तिने, मूठ मूठ करून. त्या रात्री आमच्या घरी गुलाबी भात झाला होता. एवढ्या सगळ्यांत तिचाच हात रिकामा. ते बघायला आलो मी."

मी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, पुसलेली डिस्क, कचरा केंद्र. बायको पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे मूळ कुठेच नाही," काका म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"नाही."

ते उठतील, स्टेशनवर सोड म्हणतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असंही मला वाटलं, हे कबूल करतो.

"तिच्या हातातल्या तेवढ्या काढ," ते म्हणाले. "आत्ता. मी बसतो."

मी संगणक आणून टीव्हीला जोडला. मीच रंगवलेले दाणे मीच पुसत गेलो. एक चौकट झाली की ते मान वळवून बघत आणि "हं" म्हणत. कुठे दाणा राहिला तर त्यांना कडेच्या नजरेनेही कळत होतं. शेवटची चौकट झाल्यावर मी विचारलं, बाकीच्यांच्या राहू देत का?

"त्या तुझ्या आहेत," काका म्हणाले. "मला काय विचारतोस? लाव."

मी लावलं. खोट्या अक्षतांच्या सरीत तिचा हात वर गेला, उघडला, आणि रिकामा खाली आला.