झिलमिल, लूव्हर आणि आईंची खिडकी

गेल्या रविवारी दुपारी आमच्या वारज्याच्या घरी एक सुतार खिडकीचं काम करायला आले... आणि काम संपलं तरी जाईनात! त्याचीच ही गोष्ट.

आमच्या सासूबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी जित्याची खोड जाते थोडीच! रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांचा प्रश्न ठरलेला, "अगं, हा शब्द कुठून आला सांगू?" आपण हो म्हणा, नाही म्हणा, त्या सांगणारच. मला लग्नानंतर त्याचा थोडा वैताग यायचा, मग त्याचीच सवय लागली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि हे सगळं थांबलं. त्यांच्या खोलीची खिडकी पश्चिमेची, दुपारनंतर ऊन थेट अंगावर. उजेड डोळ्यांना सोसेना. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत, हळूहळू सवय होईल... पण तोपर्यंत काय?

नवऱ्याने, म्हणजे अमोलने, हौसेने जाडजूड पडदे आणले. खोलीत दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. आई तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत, टोमणा मारणाऱ्यांतल्या आहेत. "छान. आता फक्त वटवाघळं पाळायची राहिली."

पण गेल्या महिन्यात त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी पुस्तकं कुठल्यातरी वाचनालयाला देऊन टाका. शब्दकोश आधी." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. अमोलने खोकी आणून ठेवली... भरायला मात्र कुणाचाच हात होईना.

स्वारगेटजवळ सलीमभाईंचं वर्कशॉप आहे, घराण्यात पिढ्यान् पिढ्या लाकूडकाम. ओळखीतून त्यांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या मापाची टेप काढलीच नाही. आधी विचारलं, "बाई कुठे बसतात?" मग परवानगी घेऊन आईंच्या खुर्चीत बसले, पडदा सरकवला आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. माप नंतर.

रविवारी ते सागवानी झिलमिल घेऊन आले. म्हणजे तिरप्या पट्ट्यांची झडप, जुन्या बंगल्यांना असते तशी. पट्टीची आतली कड वर, बाहेरची खाली. ऊन वरून येतं ते पट्टीवर अडतं आणि खुर्चीतल्या माणसाची नजर पट्ट्यांच्या फटीतून खाली रस्त्यावर जाते. किती साधं... आणि काय सुबक काम! मी नुसता हात फिरवत राहिले.

झडप बसली, कचरा झाडून झाला. मी म्हटलं, झालं ना? तर ते म्हणाले, "नाही ताई. आमच्याकडे पद्धत आहे. झिलमिल बसवली की त्यातून ऊन उतरताना बघायचं, मगच घर सोडायचं. माझे वालिदही असंच करायचे."

आई आतून म्हणाल्या, "म्हणजे मुक्कामच म्हणा की. चहा टाक गं, मोठं पातेलं घे."

मग ते दोघं त्या खोलीत वाट बघत बसले. बोलता बोलता सलीमभाईंनी विचारलं, "बाई, माझी मुलगी आर्किटेक्चरला आहे. ती याला लूव्हर म्हणते. वर चिडवते, अब्बा पॅरिसचं म्युझियम बनवतात! खरंच एकच शब्द आहे का हो?"

आईंना माहीत नव्हतं... आणि माहीत नसणं त्यांना कधीच झेपलेलं नाही. मला म्हणाल्या, फोनवर बघ. मी वाचायला लागले. पॅरिसचं ते लूव्हर म्युझियम आधी किल्ला होतं, मग राजवाडा, म्युझियम फार नंतर झालं. नावाबद्दल पंडितांचं एकमत नाही. कुणी लांडग्याशी जोडतं, कुणी टेहळणीच्या बुरुजाशी. मी दोन ओळी गाळल्या, ते त्यांना लगेच कळलं.

"तू राहू दे. तो जाड कोश दे इकडे. आणि भिंग."

मी सलीमभाईंकडे बघितलं. त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला.

बाहेर ऊन ऐन भरात होतं. आई खिडकीशी बसून एकेक ओळीवरून बोट फिरवत होत्या. कोशाच्या पानावर मऊ, पट्ट्यापट्ट्यांचा उजेड. पदर डोळ्यांवर नाही, मान वळवणं नाही. मग शाळेतला तो खणखणीत आवाज... "ऐका! पूर्वी युरोपात घरात मधोमध शेकोटी असायची. धूर जायला छपरावर एक उघडा मनोरा. पाऊस आत येऊ नये म्हणून त्याला तिरप्या फळ्या. त्या मनोऱ्याचं नाव लूव्हर! फ्रेंचमधून आलं. त्याच्या मागचं मूळ मात्र कुणाला नक्की ठाऊक नाही, आणि म्युझियमशी नात्याचा पक्का पुरावाही नाही."

"म्हणजे मुलीला काय सांगू?" सलीमभाई हसत म्हणाले.

"सांगा, म्युझियम बांधायला राजे लागले. झिलमिल एकट्या अब्बांनी केली. आणि पुढच्या वेळी तिलाच घेऊन या."

ऊन उतरलं. सलीमभाई उठले, एकदा झडपेकडे आणि एकदा आईंकडे बघून म्हणाले, "आता निघतो." खिडकी झाकून टाकणं आम्हाला सुचलं होतं, पण त्या खुर्चीत एकदा बसून बघणं फक्त त्यांना सुचलं. त्यांचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

अमोलने ती रिकामी खोकी माळ्यावर टाकली.

आत्ता हे लिहितेय, समोर गवार पडलीय... आणि आतून हाक आली. "अगं, सुतार हा शब्द कुठून आला सांगू?"

गवार राहिली बाजूला. म्हटलं, सांगा आई!