घरमालकांची करंगळी

माझ्या घरमालकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट हातातून सुटू दिली नाही. दार लावायचं तर कडी बसेपर्यंत मूठ धरून ठेवायची, कप टेबलावर टेकला तरी दोन क्षण बोट कपाच्या कानातच, आणि निरोप घेताना हात हातात घेतला की पाहुण्याची बस चुकली म्हणून समजा. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या कडेला या मराठी काका-काकूंचं घर होतं आणि माळ्यावरच्या खोलीत मी शिकत असताना तीन वर्षं राहिले. माझं बालपण वडिलांच्या भाडेकरू संघटनेची पत्रकं घडी घालण्यात गेलं, त्यामुळे घरमालक हा काय प्राणी असतो ते मला तिथे जायच्या आधीच पाठ होतं. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या हातात भाडेकरूंच्या हक्कांचं पत्रक ठेवलं. त्यांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "कागद गुळगुळीत आहे. अजून आहेत का?" मी हरखून शंभर प्रती दिल्या. त्या त्यांनी गॅरेजात नेल्या, थरांमध्ये ग्रीस फासलं आणि गाडीच्या पुढच्या चाकांखाली सारल्या. गाडी जमिनीवर उभी असताना माप घ्यायचं तर चाकं अशी निसरड्यावर हवीत, म्हणजे न अडता वळतात. "तुझं म्हणणं माणसांना पटो न पटो," काका म्हणाले, "चाकांना पटलंय."

ही गाडी खोक्यांतून सुट्या भागांत आलेली, घरी जोडायची, दोन माणसांची आणि बिनटपाची. काका एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंगच्या चाचण्या घेत होते. यंत्रं मागाहून मोजत, काका हातानंच आधी सांगत. सुट्टीच्या दिवशीही ते सुटत नसे. सुपरमार्केटात ट्रॉली सरळ जात नाही म्हणून एकामागून एक चार बदलत, आणि तोवर काकू खरेदी आटोपून बाहेर उभ्या असत. मग त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरू लागला. कंपवात. गंमत अशी की स्टिअरिंग धरलं की थरथर थांबायची, पण कंपनीला गंमत कळत नाही. तिने पुष्पगुच्छ देऊन त्यांना वेळेआधी घरी बसवलं. मी रागानं एक जळजळीत पत्रक लिहिलं. काकांनी त्यातलं जर्मन नीट करून दिलं आणि ते डाव्या चाकाखाली ठेवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सप्टेंबरच्या तपासणीपर्यंत गाडी चालवा, पुढचं तेव्हा बघू. हे घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पारखलेल्या माणसाला स्वतःच्या हातांनी जोडलेली गाडी रस्त्यावर न्यायला एक उन्हाळा होता. त्याच वसंतात त्यांनी माझ्या मागे लागून मला जर्मन लायसन काढायला लावलं. मला वाटलं, तोही त्यांचा एक छंद.

घरी जोडलेली गाडी आधी तपासनिसाला दाखवावी लागते. मे महिन्यात आम्ही ट्रेलरवर घालून ती नेली. बाकी सगळं पास झालं. शेवटी हळू वळण घेऊन स्टिअरिंग सोडायचं होतं, ते आपणहून सरळ व्हायला हवं. तपासनीस पांढऱ्या मिशांचा, सभ्य माणूस. काकांच्या शेजारी बसून आर्जवानं म्हणाला, "हात काढा, बिट्टे." काकांनी काढले, स्टिअरिंग सुरेख परत आलं. तो पुन्हा म्हणाला, "हात काढा." काका म्हणाले, "काढलेत की." मग तो स्वतः चालवायला बसला, वळला, हात सोडले, आणि गाडी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहिली. नापास.

"माणूस बरा आहे, पण हात जड," काका वाटेत म्हणाले. दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोरच्या अंगणात मी शेजारी बसून बघितलं. त्यांचे तळवे सुटत होते, पण उजवी करंगळी कडेवरच राहत होती आणि तीच गुपचूप स्टिअरिंग परत आणत होती. तरुणपणी ते खाणीच्या जुन्या ट्रकवर गाडी शिकले होते. त्याचं स्टिअरिंग कधी परत येत नसे, सोडलं की खाली खाण.

"काका, तुमची करंगळी."

"माझी?" ते त्या बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत राहिले. नोकरी गेली तेव्हाही मी त्यांना इतकं पडलेलं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या गॅरेजातल्या जर्मन म्हाताऱ्यानं उपाय सांगितला. पुढची चाकं जरा फाकवून लावायची, त्या दिवसापुरतं स्टिअरिंग परत येतं. पास झालं की चाकं पुन्हा होती तशी, नाहीतर वेगात गाडी भरकटते. काका पाना घेऊन बसलेसुद्धा. मला राहवलं नाही. परीक्षेपुरतं सरळ आणि नंतर वाटेल तसं, हेच तर सगळे खुर्चीवाले करतात, इथपासून सुरुवात करून मी बरंच बोलले.

"ताई, भाषण झालं की तो मोठा पाना द्या," काका म्हणाले. मोठा पाना म्हणजे सगळं उघडायचं.

ट्रॉलीचं छोटं चाक तिच्या खुंटामागे राहून ओढलं जातं, म्हणून आपोआप सरळ होतं. गाडीतही तेच करायचं, चाक ज्यावर वळतं तो कणा मागे कलवायचा. त्यासाठी नवे कंस, म्हणजे कणा धरणारे ब्रॅकेट, मागवले. चुकीचे आले, परत पाठवले. जून गेला, जुलै गेला, चाकांखाली कागदांवर कागद चढले. कंस बसले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता, आणि डॉक्टरांची तारीख तपासनिसाच्या तारखेच्या दोन दिवस आधी आली. डॉक्टरांनी काकांचं गाडी चालवणं बंद केलं.

तरी आम्ही गेलो. या वेळी काका आवाराच्या कडेला हात खिशात घालून उभे राहिले. तपासनीस वळला, हात वर केले, स्टिअरिंग निमूट सरळ झालं. "गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि उतरून त्यानं काकांशी हस्तांदोलन केलं. त्याचा हात लवकर सुटला नाही.

नंबरप्लेट हंगामी होती, तिच्यावर गाडी ऑक्टोबरअखेरपर्यंतच रस्त्यावर आणता येत होती. शेवटच्या रविवारी मी गाडी काढली, काका शेजारी, कानटोपी घालून. बिटाच्या शेतांमधला रस्ता मोकळा होता. महिनाभर जे बोलायचं टाळलं ते मी बोलले. "काका, माझ्या भाषणामुळे तुमचा उन्हाळा गेला. फाकवून लावली असती तर तुम्ही चालवली असती."

"जा," ते म्हणाले. जर्मन 'हो'. खोटं त्यांना जमत नसे. कानटोपी खाली ओढून म्हणाले, "पण मग मी तुला हिच्यात बसवलं नसतं."

पुढे वळण होतं. मी वेग कमी केला, वळले.

"आता सोड," काका म्हणाले.

पत्रकांत सगळं लिहिलेलं असतं, हे नसतं. मी एकेक बोट काढलं. स्टिअरिंग हलकेच फिरून मधोमध येऊन थांबलं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर काकांचा उजवा हात मांडीवर थरथरत नव्हता. फक्त करंगळी गुडघ्यावर जराशी वळली, सरळ झाली, आणि रस्ता सरळ लागल्यावरही तशीच धरून राहिली.