गाय मामाकडे गेली आहे

गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी आणि लसटोचणी करणाऱ्या ड्रेसरकाकूंची निम्मी हयात लाळ्या-खुरकुताशी भांडण्यात गेली. त्या टापूत हा रोग दरवर्षी न चुकता यायचा. गुरांच्या तोंडाला फेस, खुरांना जखमा, आणि माणसांच्या तोंडी एकच वाक्य, "काकू, तुमची लस म्हणजे नुसतं पाणी!"

यंदा डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा रोग आला तर तुमची लसीची फेरी बंद. दवाखान्यात केसपेपर काढत बसा." काकूंना त्यापेक्षा बैलाची लाथ परवडली असती.

लशीचा थंड डबा खांद्याला लावून त्या निघाल्या. पहिला गोठा सख्ख्या दिराचा. दोन भाकड गायी हजर. दोघींना टोचून झालं.

"एवढ्याच, वहिनी. चहा घेता?"

काकू बसायला वळल्या आणि थबकल्या. गायी दोन, खुंटे तीन. तिसऱ्या खुंट्यापाशी शेणाची वाफ अजून निघत होती.

"भावजी, हे तुम्ही टाकलंत का?"

आतून जाऊ फिस्सकन हसली. भावजी कान खाजवत म्हणाले, "दुभती आहे हो. सुई लागली की दोन दिवस दूध घटतं. म्हणून मागे बांधली."

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरोघरी हेच चाललं असणार! बिनलशीच्या दुभत्या गायी आधी आजारी पडायच्या, रोग गावभर वाटायच्या, आणि नाव मात्र लशीचं खराब व्हायचं.

"दोन दिवस घटलेलं बरं, की महिनाभर आटलेलं? सोडा तिला!"

त्या दिवसापासून काकू गोठ्यात शिरल्या की आधी खुंटे मोजायच्या, मग गायी. एकाने सांगितलं, "तिसरी मामाकडे गेली आहे."

"सुट्टीला?" काकूंनी विचारलं. तेवढ्यात न्हाणीघरातून गाय हंबरली. काकूंनी तिला तिथेच लस टोचली.

रोगाचे दिवस आले. ओढ्यापलीकडे, काकूंच्या फेरीबाहेरच्या गावात, गुरं लंगडू लागली. ओढ्याच्या अलीकडे डॉक्टरांनी स्वतः गोठे पालथे घातले, जबडे उघडून पाहिले. एकाही जिभेवर फोड नाही! त्या टापूत असं वर्ष कुणाच्या आठवणीत नव्हतं.

पुढच्या फेरीला काकूंना गोठ्यापर्यंत जावंच लागलं नाही. लोक दुभत्या गायी घेऊन रस्त्यावरच उभे. सगळ्यांत पुढे भावजी, मागच्याला कोपराने ढकलत, "रांगेत या हो! आमच्या वहिनी आहेत त्या!"