वाळल्या कळकातली ओ

राज्यांची फेररचना होऊन आमचा जिल्हा मुंबईकडून म्हैसूरकडे गेला, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. मी जंगलखात्यात गार्ड होतो. गाव खानापूरकडचं, घरात मराठी, कचेरीत आता कन्नड. जोयड्याहून दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवर माझी चौकी होती आणि उन्हाळ्याचे चार महिने माझ्या हाताखाली बारा माणसांची टोळी असायची. काम एकच. वणवा येऊ द्यायचा नाही, आलाच तर थोपवायचा. थंडी सरता सरता डोंगराच्या सोंडेवरून वीस-पंचवीस हात रुंदीचा पट्टा तोडून काढायचा, त्यातलं गवत आणि वाळल्या पानांचा पातेरा ओढून जाळून टाकायचा, म्हणजे आग तिथपर्यंत आली तरी तिला पुढं खायला काही उरत नाही. कागदावर त्याला जाळरेषा म्हणत. आम्ही नुसतं लाइन म्हणायचो.

त्या वर्षी आमच्या हद्दीतला कळक मेला होता.

कळक म्हणजे काटेरी मोठा बांबू. माणसाच्या उभ्या जन्मात तो एकदाच फुलतो, सगळा एकदम फुलतो, आणि फुलला की मरतो. आदल्या वर्षी त्याला फुलोरा आला तेव्हा आसपासच्या वाड्यांवरच्या बायका बेटांखालची जमीन झाडून दाणे गोळा करत होत्या. त्याचा भात मीही खाल्ला. मग उंदीर आले, इतके की चौकीतलं कातड्याचं पायताणसुद्धा त्यांनी सोडलं नाही. पावसाळ्यात उंदीर गेले आणि मेलेल्या बेटांच्या बुडाशी नवी रोपं उगवली, भाताचा तरवा टाकावा तशी दाट. रेंजरसाहेब येऊन बघून गेले. ते म्हणाले, वर उभं आहे ते आता सरपण आहे. जंगल खाली आहे, बोटभर उंचीचं. यावरून एकदा आग गेली तर तुझ्या नातवांनाही इथं कळक दिसायचा नाही.

सगळ्या उतारावर तो वाळलेला कळक उभा होता. पानं नव्हती, सावली नव्हती. थंडीत त्याला भुंगेरा लागला. पेरापेरात बारीक भोकं पडली आणि त्यांतून पिवळा भुसा गळायला लागला. खाली काम करताना तो खांद्यावर, भाकरीवर पडायचा. पाखरं त्या बाजूला फिरकत नव्हती. होळीनंतर दुपारचा पश्चिमेचा वारा सुटू लागला, आणि मग आवाज यायला लागले.

वारा त्या भोकांतून शिरायचा. हे मला आज माहीत आहे आणि तेव्हाही माहीत होतं. तरीपण तो आवाज शिट्टीसारखा नव्हता, माणसासारखा होता. कुणीतरी लांबून बोलत यावं आणि शब्द लागू नयेत, तसा. मध्येच एखादी हाक यायची. टोळीतले दोघेतिघे सांगायचे की आपलं नाव ऐकू आलं.

टोळीत एक म्हातारा कुणबी होता. त्याला सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. आगीतलं मला जे कळतं त्यातलं निम्मं त्याच्याकडून शिकलेलं. तो म्हणाला, रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, दुसरीलाही नाही. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली तरच ओ द्यावी.

दुसरा एक होता तो ठार बहिरा. लहानपणी ताप डोक्यात जाऊन कान गेले होते. तो क्वचितच बोलायचा, पण कोयत्याला त्याचा हात सगळ्यांत सरळ. त्या उन्हाळ्यात तेवढा एकटा तो शांत झोपायचा.

तिसरा पाणी आणणारा. माझ्याच बाजूचा, तिशीतला, हसतमुख गडी. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना रॉकेलचे रिकामे डबे, आणि ओहोळापासून लाइनपर्यंत दिवसभर त्याच्या खेपा. त्याला नकला करायची खोड होती. रेंजरसाहेबांचं खाकरणं, माझं ओरडणं, मामाचं खोकणं, सगळं हुबेहूब. एके दिवशी दुपारी त्यानं कळकात लपून मामाच्या आवाजात एकेकाला हाका मारल्या. दोन गडी कोयते टाकून पळाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. मी त्याला फैलावर घेतलं. आणि सगळ्यांना एकत्र बसवून हुकूम दिला, की कळकात असताना कुणी कुणाला हाक मारायची नाही आणि हाक आली तर ओ द्यायची नाही. निरोप हातानं द्यायचा, शेजारच्या गड्याला शिवून, त्यानं पुढच्याला. पळालेले दोघे परत आले. मला वाटलं, मी शहाणपणा केला.

चैत्रात, ऊन डोक्यावर असताना, खालच्या अंगाला धूर दिसला. मध काढणाऱ्या कुणाचा पलिता राहिला असेल, नाहीतर गुराख्याची विडी. आम्ही धावत लाइनवर गेलो. आग अजून दोन शेतं लांब होती. अशा वेळी लाइनवरून उलटी आग लावतात. आपली आग समोरच्या आगीकडे जाते, दोन्ही भेटतात आणि विझतात. मी गडी ओळीत उभे केले, हातात हिरव्या फांद्या, ठिणगी लाइन ओलांडून पडली की झोडपायची. पाणीवाला डबे भरायला ओहोळाच्या वरच्या डोहाकडे गेला होता.

आम्ही आग लावली आणि ती चांगली सरकत गेली. मग आग कळकात शिरली.

वाळलेल्या कळकाच्या पेरात हवा कोंडलेली असते. ती तापली की पेर फुटतं आणि बंदुकीचा बार होतो. शंभर बेटं एकदम फुटायला लागली तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. त्यातच वारा फिरला. धूर आमच्या अंगावर आला आणि डाव्या बाजूला, लाइनच्या अलीकडे, एक बेट पेटलेलं मला दिसलं. अशा ठिकाणी थांबायचं नसतं. मी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली आणि ओहोळाकडे बोट केलं. त्यानं पुढच्याला शिवलं. थाप ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि आम्ही सगळे उतरून ओहोळाच्या कोरड्या पात्रात येऊन बसलो. तिथं नुसते धोंडे होते, जळायला काही नव्हतं. पाणीवाला मला तेव्हा आठवला नाही. हे मी कुठल्याच रिपोर्टात लिहिलं नाही, म्हणून इथं लिहितो.

बार थोडे कमी झाले आणि मग ते ऐकू आलं. डावीकडून, धुरातून.

“ओ.”

लांब ओढलेली, माणसाच्या गळ्यातली ओ. थोड्या वेळानं पुन्हा, आता जरा आणखी लांबून. “ओ. आलो, आलो.”

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घातली. कुणी हललं नाही. मला भीती वाटली ती आवाजाची नव्हे. कुणी संकटात असला तर तो दादा म्हणेल, वाचवा म्हणेल, कुणाचं तरी नाव घेईल. हा आवाज हाक मारत नव्हता. हा कुणाच्या तरी हाकेला उत्तर देत होता. आणि आमच्यातल्या कुणी हाक मारली नव्हती.

मी गप्प बसलो. आवाज ओळखीचा वाटला होता, तरी गप्प बसलो.

बहिऱ्यानं काहीच ऐकलं नव्हतं. तो आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत होता, त्याची सवयच तशी. त्यानं माझा दंड धरला, दोन्ही पंजे उघडून दाखवले आणि वर एक बोट केलं. अकरा. मग खांद्यावर कावड असल्याची खूण केली आणि हात हलवला, तो नाही.

मला काही सुचायच्या आत त्यानं एका खळग्यात उरलेल्या पाण्यात आपलं कांबळं बुचकळलं, डोक्यावरून घेतलं आणि तो वर चढला. मग मी उठलो. मामानं माझा सदरा धरला होता, तो मी हिसकावून घेतला. पण मी धुरात वीस पावलं गेलो असेन नसेन, माझे डोळे बंद झाले आणि छातीत धूर भरला. मी जमिनीवर पालथा पडून राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. बहिरा आला तो माझ्यावर अडखळून. त्याच्या पाठीवर पाणीवाला होता, दोघांवर मिळून एक कांबळं, त्यातून वाफ निघत होती.

पाणीवाल्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले होते आणि डावा हात. शुद्धीवर होता. डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हता. आम्ही कांबळ्याची झोळी केली, सडकेपर्यंत आळीपाळीनं वाहून नेला आणि लाकडाच्या ट्रकमधून सुप्याच्या दवाखान्यात पोचवला.

आग लाइनवरच थांबली. अलीकडे डाव्या अंगाची एवढीशी पट्टी जळाली, आमच्या बाजूची बाकी रोपं वाचली.

तो धुरात सापडला कसा, हे मी बहिऱ्याला नंतर खुणांनी विचारलं. त्यानं जमीन दाखवली आणि बोटांनी ठिबकण्याची खूण केली. डब्यांतलं पाणी सांडत गेलं होतं. वाळल्या पातेऱ्यावर ओलीची रेघ होती, तिच्यावरून तो गेला. मग त्यानं एक गोष्ट दाखवली ती मला आवडली नाही. बोटानं मातीत त्यानं रेघ काढली. ती सरळ होती. धुरात चुकलेला माणूस गरगर फिरतो, मागं येतो, पुन्हा जातो. हा डोहाकडून लाइनवर आला होता आणि तिथून सरळ आत गेला होता, आग होती तिकडे, वाट माहीत असल्यासारखा.

आठ दिवसांनी रेंजरसाहेब दवाखान्यात जबाब घ्यायला आले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. साहेबांनी विचारलं, सगळे खाली उतरले आणि तू आत का गेलास? पाणीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “गार्डदादांनी हाक मारली. माझं नाव घिऊन, तीनदा. म्या ओ दिली आन तिकडं गेलो. धुरात दिशा चुकली, दुसरं काय न्हाई.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गड्यांची काळजी घेतोस, बरं आहे. जबाब कन्नडमध्ये होता. कारकुनानं मराठीत सांगितलं आणि मी खाली सही केली.

हाकेची बंदी मी त्याच आठवड्यात उठवली. त्यानंतर माझ्या टोळीत लाइनवरून हलायच्या आधी तोंडं मोजायची पद्धत पडली, आणि मोजायला मी बहिऱ्याला ठेवला. मामा पुढच्या उन्हाळ्यात आला नाही. निरोप पाठवला की गुडघे धरले आहेत. मी भेटायला गेलो तर अंगणात लाकडं फोडत होता, गुडघे चांगले होते. आम्ही इकडचं तिकडचं बोललो.

पाणीवाला बरा झाला, पण डाव्या पायाची बोटं गेली. मी साहेबांना गळ घालून त्याला रोपवाटिकेवर राखणीला लावला. सागाची रोपं, गादीवाफे, गुरं हाकलणं, असं बसून-उठून करायचं काम. तिथं बसून तो पुन्हा नकला करायला लागला, असं लोक सांगायचे. माझी मात्र त्यानं पुन्हा कधी केली नाही. कळकाची रोपं त्या काळात गुडघ्याला आली, कमरेला आली. जुनी मेलेली बेटं पावसानं कुजून एकेक करून आडवी झाली.

पाच वर्षांनी माझी बदली हल्याळकडे झाली. सामान बांधून झाल्यावर मी रोपवाटिकेवर गेलो. तो वाफ्याच्या कडेला बसून गवत उपटत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी मी हाक मारली नव्हती. तुझी ओ ऐकली होती आणि तरी बसून राहिलो होतो.

तो गवत उपटत राहिला. मग म्हणाला, “ठावं हाय की दादा. त्यो तुमचा आवाज न्हवताच.”

“मग माझं नाव का सांगितलंस?”

“साहेबाम्होरं दुसरं काय सांगणार? लिवून घ्यायला नाव पायजे का नको?”

मी विचारलं, मग आवाज कुणाचा होता. त्यानं उपटलेलं गवत झटकून बाजूला ठेवलं. सगळ्यांचे आवाज काढणारा तो माणूस, पण तो आवाज काढून दाखव, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

“वळकीचा हुता,” तो म्हणाला. “पैली झाली, गप ऱ्हायलो. दुसरी झाली, गप ऱ्हायलो. मामानं सांगिटल्यालं ध्यानात हुतं. तिसरी न्हाई येणार म्हणून डबे तसंच धरून हुबा ऱ्हायलो, दादा. तर तिसरी आली.”

वाफ्यांना पाणी द्यायची वेळ झाली होती. तो हाताला काठी घेऊन उठला आणि मला म्हणाला, झारी तेवढी आणून द्या. मी झारी भरून आणली. दोघांनी मिळून सगळे वाफे भिजवले, आणि उन्हं उतरायच्या आत मी जोयड्याची बस गाठली.