हवालदाराची तालीम

भरतीत माझी निवड झाली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. चंद्रपूरच्या मैदानावर आम्हाला धावायला लावलं, छाती मोजली, दात पाहिले, आणि दोन महिन्यांनी हजर व्हा म्हणून कागद हातात दिला. सिंदेवाहीपलीकडच्या आमच्या गावातून माझ्याआधी एकच माणूस फौजेत गेला होता. त्याला सगळे हवालदार म्हणायचे.

चाळिशीचा, पोट सुटलेला गडी. खाकी अर्धी चड्डी, पितळी बक्कलाचा पट्टा, गळ्यात शिटी. शेती त्याची बायको करायची आणि हा पानठेल्यावर बसून देश सांभाळायचा. माझ्या निवडीची बातमी कळताच तो आमच्या अंगणात आला आणि बाबांना म्हणाला, "पोट्ट्याले माझ्या हवाली करा. नाईतर सेंटरात जाऊन रडंन."

बाबांनी लगेच मान डोलावली. मलाही मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. एकोणीस वर्षांच्या माणसाला मूर्ख बनवायला फार काही लागत नाही.

रोज पहाटे शिटी वाजायची. पाठीवर रेतीचं पोतं बांधून मी जंगल नाक्यापर्यंत अनवाणी धावायचो आणि हवालदार सायकलवर मागून यायचा. "बूट मले तिथीच भेटले होते," तो म्हणायचा. मोहफुलांचे दिवस होते. झाडाझाडाखाली बाया फुलं वेचत असायच्या.

"काऊन गा, अस्वल लागला का मांगं?" एकीनं विचारलं.

"हासू नका! देशाचं काम चालू हाये!" हवालदार सायकलवरून ओरडला. बाया आणखीच हसल्या. देशाचं काम दर दोन वळणांनी थांबून बिडी ओढायचं. आई माझ्यासाठी दोन कच्ची अंडी द्यायची. त्यातलं एक, कसं गिळायचं ते दाखवायला म्हणून, तो स्वतःच गिळायचा.

मग मनाची तयारी. "शरीर तर बैलालेही असते," तो म्हणायचा. "फौजेत मन लागते." बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरच्या आंब्यावर लाल मुंगळ्यांची घरटी होती. त्याखाली मला सावधान उभं करायचा आणि काठीनं फांदी हलवायचा. मुंगळे मानेवर, कानात, बनियनच्या आत. हलायचं नाही. वर हिंदीतून शिव्या. त्याच्याजवळ चारच शिव्या होत्या, त्यामुळे त्याच फिरून फिरून यायच्या. पाहायला निम्मं गाव जमायचं.

हवालदाराला काय हसायचं? उभा तर मी होतो. दोन महिन्यांत मी इतका फुगलो की मित्रांशी मान ताठ ठेवून बोलू लागलो. आईनं हाक मारली तरी "जी" म्हणायचो. ती आधी घाबरली, मग तिनं दुर्लक्ष केलं.

ट्रेनिंग सेंटरवर मुंगळे नव्हते. आमची कवायत घेणारा उस्ताद एक बारीक, शांत माणूस होता, क्वचितच आवाज चढवायचा. पहिल्या दिवशी त्यानं बूट दिले. अनवाणी धावून कमावलेले माझे पाय तिसऱ्या दिवशी टाचांपासून सोलून निघाले. कांबळ्याची घडी मी मोडून पुन्हा घालायचो, तरी उस्तादाच्या मनासारखी होत नव्हती. पण खरी गोष्ट वेगळी. बराकीत माझी बोली कोणाची नव्हती. चुकून "मले" म्हटलं की पोरं हसायची. एक दिवस नळ सुरू करून मी पाण्याच्या आवाजात रडलो. हवालदाराच्या चार शिव्यांत याची कसलीच तयारी नव्हती.

ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलो तर बसथांब्यावर हवालदार पट्टा चमकवून हजर. "माझा चेला!" त्यानं सगळ्यांना सांगितलं. घरी पोचताच मी बाबांना विचारलं, "हा मानूस खरंच फौजेत होता का?"

"होता. नऊ दिवस. मंग पळून आला."

"हे कोनाकोनाले मालूम हाये?"

"साऱ्या गावाले."

"मंग मले काऊन त्याच्या हवाली केलं?"

"तुले पहाटे उठवाले कोनीतरी पाहिजे होता," बाबा म्हणाले. "त्याले दुसरं काम नव्हतं."

मी तडक निघालो. शिव्या आता माझ्याकडेही होत्या, आणि चारपेक्षा बऱ्याच जास्त. तो बोडीवर एकटा सायकल धूत होता.

"भाऊ, नऊ दिवस?"

त्यानं नाकारलं नाही. "नऊ दिवसांत जे पाह्यलो ते सारं तुले शिकवलो."

"अन् मुंगळे?"

"ते माझ्या मनचं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं खाली पाहतच विचारलं, "दहाव्या दिवशी काय होते गा?"

मला आठवावं लागलं. आमचा दहावा दिवस रविवार होता. परेड नव्हती. कपडे धुतले, घरी पत्र लिहिलं. तोवर रोज रोटीच मिळायची, त्या दुपारी पहिल्यांदा घरच्यासारखा भात मिळाला. मी तसं सांगितलं.

"भात?"

"भात अन् वरण."

"वरणही?" तो म्हणाला आणि कितीतरी वेळ एकच चाक पुसत राहिला. मला शिव्या देता आल्या नाहीत. याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरून गेलो, तर चारचौघांत त्याचा आवाज ऐकू आला, "दसवें दिन चावल मिलता है. पर उसके लिए टिकना पड़ता है!"